ड्रिलचा चक बदलायचाय? आधी तो उलटा स्क्रू समजून घ्या

दिवाळीच्या आधी पडद्याचे रॉड लावायला घेतले आणि पहिल्याच भोकाला मशीननं मान टाकली. म्हणजे मशीन फिरतंय, चक, म्हणजे बिट धरणारं पुढचं तोंड, तो पण फिरतोय, पण बिट भिंतीला टेकलं की जागच्या जागी उभं. चकाच्या जबड्यांत धरच राहिली नव्हती. हातानं कितीही आवळा, दोन सेकंदांत परत सैल. आणि जे एक भोक कसंबसं पडलं ते ६ एमएमच्या बिटानं जवळपास ८ चं पडलं, त्यात स्क्रूसाठीचा प्लास्टिकचा प्लग टाकला तर बोळक्या तोंडात चणा ठेवल्यासारखा इकडून तिकडे फिरतोय.

मशीन सात वर्षांचं, १८ व्होल्टचं कॉर्डलेस, बॅटरी अजून दम धरून, मोटर एकदम ठणठणीत. घरच्यांचं मत पडलं की नवीन घे. पण नुसते दात पडले म्हणून कुणी माणूस बदलत नाही, कवळी बसवतात, आणि ड्रिलचा चक ही तशी कवळीच आहे, काढता येते, दुसरी बसवता येते. फक्त काढायची रीत माहीत नसेल तर माणूस तासभर झटापट करतो आणि शेवटी काहीतरी तोडून ठेवतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा तोडलंच होतं, ते पुढे सांगतो.

आधी हा चक आतून कसा असतो ते बघू, कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. आपल्या कॉर्डलेस मशीनला असतो तो बिनचावीचा चक, हातानं फिरवून आवळायचा. त्याच्या पोटात तीन जबडे असतात, पेन्सिलीच्या तुकड्यासारखे, आणि ते तीन तिरप्या भोकांत बसलेले असतात, पुढे एकमेकांच्या जवळ येत जाणाऱ्या. प्रत्येक जबड्याच्या पाठीवर आटे पाडलेले असतात आणि त्या तिन्हींभोवती एक आटेवाली रिंग असते. आपण बाहेरची बाही फिरवतो तेव्हा खरं तर ती रिंग फिरते, रिंग जबड्यांना पुढे ढकलते, आणि भोकं तिरपी असल्यामुळे जबडे पुढे जाता जाता मध्याकडे येतात, कळी मिटावी तसे. उलटं फिरवलं की मागे सरकतात आणि उघडतात. बस, एवढीच कारागिरी. चावीनं आवळायचा जो जुना चक आपण सुताराकडे बघितलाय त्याचं पेटंट आर्थर जेकब्स नावाच्या अमेरिकन माणसानं १९०२ मध्ये घेतलं, त्यात पण तीन जबडे आणि रिंग हाच खेळ आहे, फक्त रिंग फिरवायला दात्याची चावी.

आता झिजतं काय, तर जबड्याची आतली कड. बिटाला धरणारी जागा म्हणजे जेमतेम एक बारीक पट्टी असते, आणि बिट एकदा आत घसरून फिरलं की त्याची दांडी त्या पट्टीला कानशीसारखी घासते. घासली की धर कमी, धर कमी की अजून घसरतं, असं ते वाढतच जातं. त्यात आपल्याकडे भिंती विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या, सगळीकडे सिमेंटची धूळ, आणि स्लॅबला वर भोक पाडताना ती धूळ सरळ चकाच्या तोंडातच पडते. छताच्या पंख्यासाठी किंवा झुंबरासाठी चार भोकं पाडली की चकाचं जेवढं आयुष्य जातं तेवढं वर्षभर लाकडात काम करून जात नाही असं माझं मत आहे. त्यामुळे स्लॅबला भोक पाडायचं तर जुना रबरी बॉल अर्धा कापून त्यातून बिट ओवायचं, वाटीत धूळ पडते. दिसायला जोकरपणा वाटतो पण चक वाचतो.

आणि एक सवय बऱ्याच जणांना असते, मला पण होती, की बाही हातात घट्ट धरायची आणि ट्रिगर दाबायचा, म्हणजे मशीनच चक आवळतं किंवा उघडतं. पटकन होतं खरं, पण जबडे टोकाला जाऊन असे अडकतात की मग सुटता सुटत नाहीत, आणि कधीतरी मनगटाला असा हिसका बसतो की चार दिवस आठवण राहते. नका करू.

चक बदलायला घेण्याआधी खरंच चकच गेलाय का ते बघायला पाहिजे, कारण काही शे रुपये घालून नवीन चक बसवला आणि नंतर कळलं की लोचा गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा होता, तर नुसती चिडचिड. तपासायला एक चांगलं सरळ बिट घ्या, नवीन असेल तर उत्तम, वाकडं बिट लावून चकाला शिव्या देण्यात अर्थ नाही. ते लावा, मशीन टेबलावर आडवं ठेवा आणि अगदी हळू फिरवा. आता दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या. चकाचं अंग बघा आणि बिटाचं टोक बघा. अंग स्थिर फिरतंय आणि टोक गोल गोल डोलतंय, तर जबडे झिजलेत, चक बदला. अंगच डोलत असेल तर एकतर चक स्पिंडलवर नीट बसलेला नाही, आतला स्क्रू ढिला झालाय, किंवा मशीन कधीतरी शिडीवरून तोंडावर पडून स्पिंडलच वाकलाय. स्पिंडल म्हणजे मशीनमधून बाहेर आलेला तो दांडा, ज्याच्यावर चक बसतो. तो वाकला असेल तर नवीन चक पण तसाच डोलणार.

मग मशीन बंद करून चक मुठीत धरा आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. थोडासा खेळ प्रत्येक मशीनला असतो, हॅमरवाल्याला जरा जास्त असतो, पुढे-मागे पण किंचित सरकतो कारण त्याला ठोके द्यायचे असतात. पण चक खटखट वाजत हलत असेल तर बेअरिंगला प्ले आलाय, ते रिपेअरवाल्याचं काम.

आणि बदलायच्या आधी एकदा साफ करून बघा, फुकटचं आहे. जबडे पूर्ण उघडायचे, मशीनचं तोंड खाली धरायचं, सायकलच्या पंपानं जोरात हवा मारायची, बाही पाच-सहा वेळा उघड-बंद करायची, बाहेर जी पांढरी पूड पडते ती बघून आपलीच आपल्याला लाज वाटते. मग पातळ तेलाचा एक थेंब, शिलाई मशीनचं चालतं. ग्रीस भरू नका, ग्रीसला धूळ चिकटते आणि आत लापशी होते. बऱ्याचदा एवढ्यानंच चक परत धरायला लागतो. माझा नाही लागला, त्याच्या एका जबड्याची कडच उडाली होती.

आता खरेदी. इथं लोक फसतात. दुकानात जाऊन नुसतं 'ड्रिलचा चक द्या' म्हटलं तर दुकानदार दोन प्रश्न विचारतो. पुण्यात बोहरी आळीत मला विचारलं ते असं, 'दहाचा का तेराचा? आणि आटे चार सुती का तीन सुती?' पहिला प्रश्न सोपा, चकात जास्तीत जास्त किती जाडीचं बिट मावतं, १० एमएम की १३ एमएम. दुसरा प्रश्न मागच्या भोकाच्या आट्यांचा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे चार सूत म्हणजे अर्धा इंच, तीन सूत म्हणजे ३/८ इंच. सगळं जग मिलीमीटरमध्ये गेलं तरी ड्रिलच्या स्पिंडलवरचे आटे अजून बरेचसे इंचातच आहेत आणि आपला दुकानदार त्याहून जुन्या सुतात आहे, मजा आहे.

हे शोधायला मोजमाप करायची गरज नसते, जुन्या चकाच्या अंगावर बहुतेक वेळा कोरलेलं किंवा छापलेलं असतं, १.५-१३ एमएम, १/२-२० यूएनएफ असं काहीतरी. त्यातला १/२ म्हणजे आट्यांची जाडी, २० म्हणजे एका इंचात किती आटे, आणि यूएनएफ म्हणजे इंचातल्या बारीक आट्यांची पद्धत. छोट्या १२ व्होल्टच्या मशीनला बऱ्याचदा ३/८-२४ असतो. छाप पुसला गेला असेल तर आधी जुना चक काढा आणि तो घेऊनच दुकानात जा, अंदाजानं जाऊ नका. कारण एक तिसरा प्रकार पण बाजारात फिरतो, एम १२ × १.२५, स्वस्तातल्या बऱ्याच मशीनना हा असतो. आणि हा अर्ध्या इंचाला इतका जवळचा आहे की घोटाळा ठरलेला. अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम आणि हा १२, आटे पण जवळजवळ सारख्याच अंतराचे, एकाचे १.२७ आणि दुसऱ्याचे १.२५ एमएमवर. त्यामुळे एम १२ च्या स्पिंडलवर अर्ध्या इंचाचा चक आरामात चढतो, तुम्हाला वाटतं बसला, पण तो बसलेला नसतो, लोंबकळत असतो, आणि नवा कोरा चक जुन्यापेक्षा जास्त डोलतो. मग लोक म्हणतात माल डुप्लिकेट आहे. माल बरोबर असतो, आटे चुकलेले असतात.

अजून एक, बी १६ वगैरे लिहिलेले चक दिसले तर ते आपले नाहीत, ते स्टँडवरच्या ड्रिल मशीनचे, त्यांना आटे नसतातच, निमुळत्या दांड्यावर ठोकून बसवतात. हॅमर मारणारं मशीन असेल तर चक हॅमरला चालणारा आहे ना ते विचारा, आणि शक्यतो धातूच्या बाहीचा घ्या. साधा चक काही शे रुपयांत येतो, चांगल्या कंपनीचा हजाराच्या आसपास किंवा वर जातो, आणि माझं स्पष्ट मत, इथं दोनशे रुपये वाचवू नका. स्वस्तातला चक नवा असतानाच डोलतो. दुकानातच बाही फिरवून बघा, तिन्ही जबडे एकाच वेळी मध्यात येऊन एकमेकांना टेकले पाहिजेत, एक पुढे एक मागे असेल तर तसाच परत द्या.

आता मुख्य मुद्दा, आटे सुलटे का उलटे. हे एकदा डोक्यात नीट बसवा.

स्पिंडलवरचे आटे सुलटे असतात, साध्या नट-बोल्टसारखे, आणि चक म्हणजे त्याच्यावर चढवलेला मोठा नट. भोक पाडताना स्पिंडल चकाला पुढे ढकलत फिरवतो आणि भिंत बिटाला मागे ओढते, म्हणजे चक सतत स्पिंडलपेक्षा मागे राहायला बघतो, आणि आट्यांची दिशा अशी ठेवलीय की मागे राहायच्या नादात तो अजून घट्ट होतो. जितकं काम कराल तितका चक आवळत जातो. प्रत्येक वेळी बिट काँक्रीटमध्ये गपकन अडकलं की अजून एक आवळा. सात वर्षं असं चाललंय, म्हणून तो हातानं सुटत नाही, गंज-बिंज काही नसतो.

पण मशीन उलटं पण फिरतं ना, स्क्रू काढायला. तेव्हा सगळं उलटं होतं, चक सुटायला बघतो. आणि फिरत्या मशीनवरून जड लोखंडी गोळा सुटून पायावर पडणं बरं नाही. म्हणून चकाच्या पोटात, अगदी तळाशी, एक स्क्रू असतो जो चकाला स्पिंडलच्या टोकाला धरून ठेवतो. आणि हा स्क्रू मुद्दाम उलट्या आट्यांचा केलेला असतो. का, तर मशीन उलटं फिरताना चक ज्या दिशेला सुटायला बघतो, त्याच दिशेला तो या स्क्रूच्या डोक्याला घासत नेतो, आणि उलट्या आट्यांमुळे ती दिशा स्क्रूसाठी आवळायची होते. म्हणजे चक पळायला लागला की कुलूप आपोआप अजून घट्ट. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा केलं त्याला नमस्कार.

उलटे आटे घरात नसतात असं नाही. टेबल फॅनचं पातं धरणारी पुढची टोपी उलटी फिरते, सायकलचं डावं पॅडल उलट्या आट्यांचं, वेल्डिंगवाल्याकडे ॲसिटिलीनच्या सिलेंडरचं जोडणं उलटं असतं म्हणजे चुकून ऑक्सिजनची नळी लागू नये. पण ड्रिलच्या पोटातला तो स्क्रू दिसत नाही, आणि दिसला तरी कुणी सांगत नाही, म्हणून आपण सवयीनं त्याला डावीकडे फिरवतो, आणि तो आवळत जातो, आणि आपण अजून जोर लावतो. मी हेच केलं होतं. जोर लावून लावून स्क्रूच्या डोक्याची अधिकच्या चिन्हासारखी खाच गोल करून टाकली, मग शेजारच्या काकांनी येऊन बघितलं, ते आयुष्यभर लेथवर काम केलेले टर्नर, म्हणाले, 'अरे बाबा, तू तासभर सोडवत नाहीयेस, आवळतोयस.'

तर करायचं कसं. बॅटरी काढून बाजूला ठेवायची, हे पहिलं, यात तडजोड नाही. जबडे जेवढे उघडतील तेवढे उघडायचे आणि टॉर्च मारून आत बघायचं. तळाला स्क्रूचं डोकं दिसेल, नाहीतर सिमेंटचा चिखल दिसेल ज्याच्या खाली स्क्रू आहे. दाभणानं खाच नीट कोरून साफ करा, इथं दोन मिनिटं घालवली तर पुढचे दोन तास वाचतात. स्क्रूच नसेल तर काही मशीनना खरंच नसतो, मग सरळ पुढच्या कामाला लागा. खाच अधिकची असेल, चांदणीसारखी असेल, षटकोनी असेल, जी असेल तिच्या मापाचंच बिट घ्या, चालवून घेऊ नका. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर सरळ उभा धरा, वजन टाकून दाबा, आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा. परत सांगतो, काट्याच्या दिशेनं, उजवीकडे, जसं नेहमी आवळतो तसं. हलत नसेल तर ड्रायव्हरच्या मुठीवर हातोडीचा एक छोटा ठोका द्या आणि मग फिरवा, कारण कंपनीत बऱ्याचदा त्याला थ्रेडलॉक नावाचा गोंद लावलेला असतो आणि ठोक्यानं तो तडकतो. ठोक्यानं पण ऐकत नसेल तर सोल्डरिंग आयर्न तापवून त्याचं टोक पाच मिनिटं स्क्रूच्या डोक्यावर टेकवून ठेवा, लाल रंगाचा जो पक्का थ्रेडलॉक असतो तो उष्णतेनंच मऊ पडतो. हीट गन मारायचा मोह होतो, पण त्यानं पुढचं प्लास्टिक आधी विरघळतं.

स्क्रू निघाला की तो डबीत ठेवा, हरवला तर उलट्या आट्यांचा स्क्रू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

आता चक. त्याला मोठी अ‍ॅलन की लागते, ८ किंवा १० एमएमची, ती एल आकाराची षटकोनी सळई. तिचा आखूड पाय चकात घालून चक हातानं गच्च आवळा. षटकोनाला सहा बाजू आणि जबडे तीन, त्यामुळे एकाआड एक बाजूवर जबडे सपाट बसतात आणि गोल बिटासारखी ती घसरत नाही. गिअर १ वर टाका आणि पुढची आकड्यांची रिंग ड्रिलच्या चिन्हावर आणा, नाहीतर आतला क्लच कटकट करत घसरेल. मशीन टेबलाच्या कडेला असं धरा की चक कडेच्या बाहेर आहे. मशीन नेहमीसारखं तुमच्यापासून पुढे तोंड करून आहे असं धरा, आणि अ‍ॅलन कीचा लांब पाय उजव्या हाताला आडवा आणा. आता त्या पायाच्या टोकावर वरून खाली हातोडीचा एक झटकन ठोका. समोरून चकाच्या तोंडाकडे बघणाऱ्याला तो चक घड्याळाच्या उलट दिशेनं फिरलेला दिसेल, म्हणजे बरोबर.

लोक इथं अ‍ॅलन कीला पाइप घालून हळूहळू जोर लावतात, ते नको. हळू जोर लावला तर किती तरी मशीनमध्ये स्पिंडल गिअरबॉक्ससकट गरगर फिरतो, आणि ज्यात स्पिंडल लॉक असतं त्यात सगळा ताण त्या बिचाऱ्या लॉकवर येतो. ठोक्याची गंमत वेगळी आहे. मोटर वीस-एक हजार फेरे मिनिटाला फिरते आणि पहिल्या गिअरमध्ये चक चार-पाचशे, म्हणजे चक एकदा फिरवायला मोटर चाळीस-पन्नास वेळा फिरवावी लागते. आता चकाला एकदम झटका दिला तर मोटरला त्या क्षणात तेवढ्या पटीनं वेग घ्यावा लागेल, ते तिला जमत नाही, आणि चकाच्या बाजूनं मोटरचा हा जडपणा गिअरच्या पटीच्या वर्गानं जाणवतो, म्हणजे पन्नासची पट असेल तर अडीच हजार पट. त्यामुळे त्या क्षणापुरता स्पिंडल भिंतीत गाडल्यासारखा स्थिर राहतो आणि फक्त चक सुटतो. म्हणून पहिला गिअर, आणि म्हणून झटका. तव्याला चिकटलेलं घावन हळू ओढलं तर फाटतं आणि उलथन्यानं एका झटक्यात सुटतं, तसंच थोडंसं. एक-दोन, फार तर चार ठोके. रबरी हातोडा मऊ पडतो, लाकडी किंवा साधी हातोडी बरी.

सुटला की कळतं, अ‍ॅलन की एकदम हलकी होते. मग हातानं फिरवत काढा.

हे सगळं सुरळीत झालं तर वीस मिनिटांचं काम. पण झिजलेला चक बदलायचाय म्हणजे गंमत अशी की ज्या जबड्यांनी बिट धरलं नाही त्यांनी अ‍ॅलन की धरावी अशी आपली अपेक्षा असते. बहुतेक वेळा षटकोन असल्यामुळे धरतात. नाही धरली तर चकाच्या धातूच्या अंगावर पाइप पाना लावायचा आणि पान्याच्या दांड्यावर ठोका द्यायचा, त्याच दिशेनं. चक खराब होईल, होऊ दे, तो भंगारातच जाणार आहे. मध्ये प्लास्टिकची बाही येत असेल तर ती छिन्नीनं फोडून काढा, फक्त डोळ्यांवर चष्मा घाला, तुकडे उडतात. चक अजून हट्ट करत असेल तर फवाऱ्याचं तेल स्पिंडलच्या मुळाशी भसाभस मारू नका, ते आत उतरून गिअरबॉक्सचं ग्रीस पातळ करतं. एक थेंब, आणि रात्रभर वाट बघा.

आणि माझ्यासारखी स्क्रूची खाच गोल झाली असेल तर? इथं उलट्या आट्यांचा फायदा होतो, आणि काकांनी मला हे दाखवलं तेव्हा मला खरंच हसू आलं. तुटका स्क्रू काढायचं जे हत्यार बाजारात मिळतं ते डावीकडे फिरत आत रुततं, ते या स्क्रूला उपयोगाचं नाही, ते याला आवळेल. पण साधं बिट उजवीकडे फिरत कापतं, आणि हा स्क्रू उजवीकडेच सुटतो. म्हणजे दुसऱ्या ड्रिलला स्टीलचं साधं बिट लावून स्क्रूच्या डोक्यात हळूहळू भोक पाडायला घेतलं, तर बिट रुततं आणि बऱ्याचदा स्क्रूलाच फिरवत बाहेर आणतं. माझा असाच आला, बिटाला अडकून. आणि नाही आला तरी डोकं कापून निघतं, चक मोकळा होतो, मग उरलेलं खुंट पकडीनं धरून काढता येतं. भोक मध्यात पाडा, म्हणजे स्पिंडलच्या आतल्या आट्यांना धक्का लागत नाही.

बसवणं सोपं आहे. स्पिंडलचे आटे जुन्या टूथब्रशनं साफ करा, जुन्या गोंदाचे कपचे राहू देऊ नका. नवीन चक हातानं चढवा, तो मुळापर्यंत जाऊन स्पिंडलच्या खांद्याला टेकला पाहिजे. मध्येच घट्ट झाला तर काढा आणि परत सुरू करा, वाकडे आटे चढवले तर स्पिंडलचे आटे जातील, आणि स्पिंडल गेला तर मग खरंच नवीन मशीन. टेकला की अ‍ॅलन की लावून दुसऱ्या बाजूला, म्हणजे या वेळी लांब पाय डावीकडे आणून, वरून एक हलका ठोका. जोरात मारू नका, बाकीचं आवळणं पहिली चार भोकं करतीलच, ते आपण वर बघितलं.

मग स्क्रू. त्याच्यावर निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब, लाल नको, लाल लावला तर पुढच्या वेळी तुमच्याच नशिबी सोल्डरिंग आयर्न. थेंब स्क्रूवर लावा, स्पिंडलच्या बाहेरच्या आट्यांवर नको. आणि आवळताना घड्याळाच्या उलट दिशेनं, डावीकडे. मी इथं परत चुकलो होतो, उजवीकडे फिरवत बसलो आणि म्हणतोय धरत का नाही, मग आठवलं. नवीन चकाबरोबर स्क्रू आला असेल तर जुन्याशी ताडून बघा, जाडी आणि लांबी सारखी हवी, लांब असेल तर आत टेकून राहतो आणि चक मात्र सैलच. नाहीतर जुना चांगला असेल तर तोच वापरा. आवळून झाल्यावर बाही फिरवून जबडे पूर्ण बंद करून बघा, स्क्रूच्या डोक्याला कुठं घासत नाहीत ना.

आता बॅटरी लावा, तेच सरळ बिट घाला, हळू फिरवा, आणि टोकाजवळ पेन्सिल धरून बघा. केसभर हलेल, एवढं चालतं, शून्य डोलणारा चक या किमतीत नसतो. जास्त वाटलं तर बिट काढून थोडं फिरवून परत लावा, कधी कधी एका जबड्याखाली कचरा असतो किंवा बिटाच्या दांडीवर जुन्या घसरण्याच्या चरा आणि कंगोरे असतात. ते कंगोरे कानशीनं घासून सपाट करा, नाहीतर तेच जुनं बिट नव्या चकाचे जबडे खायला सुरुवात करेल. जड काम जास्त असेल तर सरळ चावीवाला चक बसवायचा पर्याय पण आहे, आटे तेच, धर जास्त, फक्त चावी हरवते आणि ती चकात विसरून ट्रिगर दाबला तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते, घरात लहान मुलं असतील तर मी म्हणेन राहू दे.

आठवडाभर वापरून झालं की एकदा बॅटरी काढून जबडे उघडा आणि तो आतला स्क्रू परत डावीकडे जरासा आवळून बघा. सुरुवातीच्या कामात चक स्पिंडलवर अजून थोडा आवळून मागे, मशीनकडे सरकलेला असतो, त्यामुळे स्क्रूच्या डोक्याखाली जागा पडते. माझा जवळजवळ पाव फेरा फिरला.